माझ्या नावापुढची सही

अण्णा, परवा दुपारी मी मत द्यायला पोचले, तेव्हा माझं मत आधीच दिलं गेलेलं होतं. दोन दिवस झाले तरी हे वाक्य माझ्या डोक्यात सरळ बसत नाही. मी तुमच्याच टेबलाशी बसून लिहिते आहे. मागच्या अंगणात आई तूर पाखडतेय. सुपाचा आवाज थांबला की माझाही हात थांबतो. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली आणि या तेरा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. जे काही व्हायचं ते आईला सांगून भागत होतं. हे आईला सांगता येत नाही.

पहिली दोन वर्षं मी शाळेत गेले नव्हते, ते तुम्हाला आठवत असेल. दम्यानं छाती भरून यायची आणि तुम्ही म्हणायचात, शाळा कुठं पळून जात नाही, मी रोज तिथूनच येतो. माझी शाळा स्वयंपाकघरात भरायची. पाटी होती, पण वाचायला पुस्तकाऐवजी मतदार याद्या होत्या. शाळा सुटल्यावर आणि रविवारी तुम्ही छावणीच्या अलीकडच्या आपल्या गल्ल्यांमधून, मास्तरांकडं सोपवलेल्या यादीच्या सरकारी कामासाठी, घरोघर फिरायचात. कोण नवं राहायला आलं, कोण अठरा वर्षांचं झालं, कोण गेलं ते लिहून आणायचात, आणि जुनी झालेली प्रत माझ्या वाट्याला यायची. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, स्त्री की पुरुष. मी ओळीवर बोट ठेवून वाचते आणि विचारते, हा माणूस खरा आहे का? तुम्ही म्हणता, खरा आहे, चल दाखवतो. आणि खरंच घेऊन जाता. पिठाच्या गिरणीवाल्या काकांचं वय यादीत पंचेचाळीस होतं आणि समोर बघितलं तर पिठानं पांढरे झालेले ते म्हातारे दिसत होते. मी यादीवर विश्वास ठेवला, काकांवर ठेवला नाही. घरी येईपर्यंत तुम्ही हसत होतात.

तुम्ही माझ्यावर एकदाच रागावलात, तेही यादीवरूनच. कोपऱ्यावरच्या आजींच्या घराला बरेच दिवस कुलूप होतं. तुमचं लाल पेन टेबलावर उघडं पडलेलं होतं. मी तुमच्यासारखी पट्टी धरून त्यांच्या नावावर आडवी रेघ मारली. मदत केली असं मला वाटलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. प्रत उचलून घेतलीत आणि म्हणालात, "मेलेल्या माणसाला पेन, गावाला गेलेल्या माणसाला शिसपेन. गावाला गेलेलं माणूस परत येऊ शकतं." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बसनं खुलताबादला घेऊन गेलात. आजी तिथं लेकीकडं होत्या आणि ओट्यावर बसून सीताफळ खात होत्या. "बघ," तुम्ही म्हणालात, "जिवंत आहेत. माफी माग." मी रडत रडत माफी मागितली. आजींनी बिया थुंकल्या आणि विचारलं, "मला मारलंस व्हय गं? बरं, मग हे घे, मेलेल्या बाईच्या हातचं सीताफळ." ते मी खाल्लं की नाही ते आठवत नाही. रेघ मारताना हात जपायचा, हे मात्र तेव्हापासून अंगात बसलं. आजही फॉर्मवर सही करायच्या आधी मी तो तीनदा वाचते, आणि माझ्यासोबतचे लोक त्यावरून माझी थट्टा करतात.

त्या स्वयंपाकघरात मी एकटी शिकत नव्हते. आईच्या माहेरी सगळे मेंढरांमागं, त्यामुळं तिची शाळा दुसरीत सुटलेली. तव्यावर भाकरी टाकून ती माझ्या पाटीवर वाकायची आणि मी गिरवलेलं अक्षर तीही गिरवायची. फक्त एका गोष्टीत ती तुमचं ऐकायची नाही. आपण अक्षरं काढून मग वरची रेघ ओढतो. ती आधी लांबलचक रेघ ओढायची आणि तिच्याखाली एकेक अक्षर टांगायची. शब्द संपून जायचा, रेघ उरायची. तुम्ही म्हणायचात, हिचं बघा, आधी दोरी बांधते आणि मग धुणं वाळत घालते. ती म्हणायची, "दोरी नसली तं धुणं कुठं घालू, तुमच्या डोक्यावर?" आजही ती तशीच लिहिते. सहीसुद्धा. तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी तुमचेच एक सहकारी यादी घेऊन आले होते. तुमच्या ओळीपाशी ते थांबले आणि शिसपेन शोधायला लागले. आईनं तुमच्या टेबलावरचं लाल पेन त्यांच्या हातात दिलं. "हे लावा, सर," ती म्हणाली, "त्यांचाच नियम हाय." मग खाली तिनं सही केली. लांब दोरी, आणि दोरीच्या अर्ध्यावर संपलेलं नाव.

आता माझं सांगते. दोन वर्षं झाली, मी शिकायला परदेशात आहे. मी मत कधीच दिलेलं नव्हतं, अण्णा. अठरा पूर्ण झाली त्याच महिन्यात मी नाव नोंदवलं, पण पहिल्या निवडणुकीच्या दिवशी माझा पुण्यात पेपर होता. परीक्षेच्या खोलीत बसून सगळा वेळ मला तुमचा चेहरा दिसत राहिला. या वेळी निवडणूक जाहीर झाली, तेव्हा माझ्या खोलीशेजारच्या मुलीनं तिच्या देशातली मतपत्रिका आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरली, पाकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं आणि टपालात टाकली. सगळं मिळून चहा निवेपर्यंत झालं. तिनं विचारलं, तुझं कधी? मी आपल्याकडच्या कार्यालयाला लिहून विचारलं. उत्तर आलं की नाव घरच्या यादीत आहे, पण तिथून मत पाठवता येणार नाही, केंद्रावर स्वतः यावं लागेल. उत्तर चुकीचं वाचलं असेल म्हणून मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग मी मार्गदर्शकांकडं आठवड्याची रजा मागितली. काय काम आहे, त्यांनी विचारलं. मत द्यायचंय, मी म्हटलं. ते म्हणाले, मग जायलाच हवं.

आईला कळवलं नाही. कळवलं असतं तर तिनं येऊ नको म्हटलं असतं. एका बटनासाठी एवढ्या लांबून येतेत व्हय, असं. मी ठरवलं होतं की आधी मत द्यायचं आणि शाई लावलेलं बोट घेऊन दारात उभं राहायचं. मुंबईहून येणारी बस वाटेत बंद पडली. सकाळी पोचायची ती मी दुपारी दोन वाजता पोचले आणि स्टँडवरून बॅगेसकट थेट केंद्रावर गेले. केंद्र म्हणजे तुमची शाळा. तुमचा चौथीचा वर्ग. फाटकावरच्या हवालदारानं बॅग आणि फोन ठेवून घेतला. बायकांच्या रांगेत माझ्यापुढं तिघी होत्या. मागच्या बाईनं बॅगेवरची विमानाची पट्टी बघितली होती. तिनं विचारलं, मी सांगितलं. ती पुढच्या तिघींना म्हणाली, "ही बघा, समुद्र ओलांडून आली मत द्यायला. आमच्या मालकाला गल्ली ओलांडवंना." सगळ्या हसल्या. मीही हसले. इतकं हलकं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

पहिल्या टेबलावरच्या माणसानं पासपोर्ट बघितला, पानं उलटली, पट्टी खाली सरकवली आणि थांबला. पुन्हा पासपोर्ट बघितला. मग मान वर न करता म्हणाला, "ताई, तुमचं मतदान झालंय." मला वाटलं, तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय. मी डाव्या हाताचं बोट त्याच्यासमोर धरलं. ते कोरं होतं. तो बोटाकडं बघत राहिला, मीही माझ्याच बोटाकडं बघत राहिले, जणू आम्ही दोघं तिथं शाई उगवायची वाट बघतोय. यादी उलटी होती तरी मला वाचता येत होती. उलट्या याद्या वाचायलाही मी तुमच्याच समोर बसून शिकले होते. माझ्या नावाखाली लाल रेघ होती, मत देऊन गेलेल्याच्या नावाखाली ओढतात ती. बरोबर वरच्या ओळीत आईचं नाव होतं. तेच घर, तेच आडनाव, मधे तुमचंच नाव. त्याखाली रेघ नव्हती.

कानात एकदम पाण्यात बुडी मारल्यासारखं झालं. मागच्या बायका बोलत होत्या, पण शब्द कळत नव्हते. केंद्राध्यक्ष बाई उठून आल्या. त्या शिक्षिकाच असाव्यात, बोटांना खडू होता. त्यांनी सह्यांची वही मागवून माझ्या क्रमांकाशी बोट ठेवलं आणि वही माझ्याकडं वळवली. अण्णा, तिथं माझं नाव होतं. माझं पूर्ण नाव, आणि ते माझ्या हातचं नव्हतं. वरची रेघ नावाच्या किती तरी पुढं गेलेली होती. शेवटी दोन अक्षरांची जागा मोकळी उरलेली होती. आधी दोरी बांधलेली, मग धुणं टांगलेलं.

बाईंनी हळू आवाजात विचारलं, "ही सही कुणाची, ओळखता का?" मला तेव्हा काय काय आठवलं ते सांगते, कारण सगळं एकाच वेळी आठवलं. एका निवडणुकीत तुमची ड्यूटी अजिंठ्याकडच्या गावात होती, आणि एका माणसाचं मत दुसराच कुणी देऊन गेला होता. नियमाप्रमाणं तुम्ही त्याला कागदाची मतपत्रिका दिलीत. ती पाकिटात बंद करून वेगळी ठेवतात आणि सहसा कुणी मोजत नाही. जेवताना तुम्ही हे सांगितलंत. मग म्हणालात, दुसऱ्याच्या नावानं मत देणारा माणूस खिसेकापूपेक्षा वाईट, खिशात पैसे तरी पुन्हा येतात. आई तेव्हा तुम्हाला वाढत होती. आईनं ते ऐकलं होतं. बाई म्हणत होत्या, पाकिटातलं मत द्या, तुमचा हक्क आहे, सोडू नका, फक्त तसं लिहून द्यावं लागेल. लिहून काय द्यावं लागेल, ते मला त्यांच्याआधी कळलं होतं. कुणीतरी माझं नाव घेऊन इथं आलं, असं. उद्या कुणी ती वही उघडली असती तर ती सही माझ्याशिवाय आणखी चार जणांनी ओळखली असती.

त्यांतले एक तिथंच बसलेले होते. गिरणीवाले काका. आता ते खरंच म्हातारे झालेत. एका पक्षाचे प्रतिनिधी म्हणून खिडकीशी बसून आल्यागेल्याची खूण करायचं काम त्यांच्याकडं होतं. सकाळी त्यांनी आईला बघितलं असणार, मान हलवली असणार. आईच्या हातात फोटोचं कार्ड तिचंच आणि मतदार क्रमांकाची चिठ्ठी माझी. गर्दीत टेबलावरच्यांनी आडनाव आणि मधलं नाव बघितलं असणार, आणि काकांनी तर काहीच बघायची गरज नव्हती, वहिनी आलेल्या होत्या. आता ते माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

मी म्हटलं, "नाही. ओळखत नाही." आणि म्हटलं, राहू द्या, मला मत द्यायचं नाही. बाईंना माझा राग आला असावा, किंवा कीव. त्यांनी पासपोर्ट मिटून हातात दिला. वर्गाच्या मागच्या भिंतीवर तुम्ही रंगवलेला नकाशा अजून आहे. मी त्याच्याकडं न बघता बाहेर पडले. काका माझ्यामागं फाटकापर्यंत आले. "पोरी," ते म्हणाले, "वहिनीला बोलू नको काही." एवढंच बोलून परत गेले.

आईनं दार उघडलं आणि किंचाळायच्या ऐवजी खालीच बसली. उंबऱ्यात. मग उठून माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. तिच्या डाव्या हाताच्या बोटावर शाई होती, ओली असल्यासारखी काळीभोर. का आले, कशी आले, विमानात काय खाल्लं, तिचे प्रश्न सुरू झाले. मी म्हटलं, मतासाठी आले गं, पण बस उशिरा पोचली. तिला वाटलं की माझा चेहरा त्यामुळं पडलाय. तेव्हा अजून मतदान संपायला दोन तास होते. माझ्या खोटेपणात एवढीही अक्कल नव्हती, पण तिनं घड्याळाकडं बघितलंच नाही. उलट तिचा चेहरा उजळला. लहान मुलीनं लपवलेली वस्तू दाखवावी तशी ती माझ्याकडं वाकली. "फिकीर नको करू माय. तुझं मत झालंय. मी देऊन आले."

"आणि तुझं?" मी विचारलं.

"माझं काय? बोट एकच हाय." ती हसली. "मी हाय की इथं. मला रोज बघतेत लोक. मला यादीतनं कोण काटतंय? तू दिसत नाय."

मग तिनं सांगितलं. मागच्या महिन्यात यादीवाल्या बाई घरी आल्या होत्या. तुमचंच काम आता त्या करतात. मुलगी कुठं, त्यांनी विचारलं. शिकायला गेलीय, आईनं सांगितलं. कधी येणार? आईला तारीख सांगता येईना. तेव्हा बाईंनी माझ्या नावापुढं शिसपेनीनं बारीक खूण केली. "तुझे अण्णा म्हनायचे, गावाला गेलेल्याला शिसपेन," आई म्हणाली. "पन आता तसं राह्यलं नाय. दोन डाव माणूस दिसलं नाय की शिसपेनीवरनं पेन फिरवतेत. मी म्हनलं, मत पडलेलं दिसलं की खूण खोडतील. पोरगी हाय म्हनतील." मी म्हटलं, आई, हा गुन्हा आहे, अण्णांनी काय सांगितलं होतं ते तुला आठवत नाही का? तिनं माझ्याकडं असं बघितलं, की तिला ते शब्दनशब्द आठवत होतं हे मला कळलं. "आठवतंय," ती म्हणाली. "आदल्या दिवशी त्यांच्या फोटोपुढं सांगून गेले मी."

मग मी अगदी मूर्खासारखं विचारलं, कुणाला दिलंस? "ते सांगायचं नसतं," ती लगेच म्हणाली. मी म्हटलं, आई, ते माझं मत होतं. "तुझंच हाय. म्हून तं सांगत नाय." आणि ती चहा ठेवायला आत गेली.

तेव्हापासून मी घरात पाहुण्यासारखी वावरतेय. ज्या बाईनं तुमच्या नावावर स्वतःच्या हातानं लाल पेन देऊन रेघ मारून घेतली, तीच बाई माझ्यासाठी स्वतःचं मत सोडून, दुसऱ्याचं नाव सांगून, तुमच्या वर्गात उभी राहिली. मला तिच्याकडं बघवत नाही, आणि तिच्यावरून नजरही हटवता येत नाही. तिचं चुकलं हे मला माहीत आहे. तुम्ही असता तर तिला घेऊन केंद्रावर गेला असतात, खुलताबादला नेल्यासारखं, आणि माफी मागायला लावली असतीत. मी तसं केलं नाही. दोन दिवस मी स्वतःला हेच विचारतेय की ती सही ओळखत नाही असं मी तिच्यासाठी म्हटलं की माझ्यासाठी.

अण्णा, इथं यायच्या चार दिवस आधी तिथल्या एका नोकरीला मी हो म्हणून आले आहे. कागदावर सही झाली आहे, तीनदा वाचून. किती वर्षं ते मलाही सांगता येणार नाही. आईला सांगितलेलं नाही, आणि उद्या निघतानाही सांगेन असं वाटत नाही. यादीवाल्या बाईंची खूण बरोबर होती. मत द्यायला एवढ्या लांबून मी का आले, हे आता मला कळतंय आणि त्याची लाज वाटते. मीही आईसारखीच, ती खूण खोडायला आले होते.

सुपाचा आवाज थांबलाय. हा कागद ट्रंकेत तुमच्या याद्यांच्या अगदी तळाशी ठेवते, कारण आईला आता सगळं वाचता येतं.